जुन्नर-आंबेगाव प्रदेशातील झोप आणि जागल : अंगी बांधलेल्या यंत्राच्या नोंदींवरून एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील मोकळ्या पठारापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस नाणेघाट, माळशेज व भीमाशंकर यांचा डोंगराळ आणि अतिपावसाचा पट्टा, मध्ये कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांची खोरी आणि पूर्वेस ऊस, द्राक्षे व भाजीपाला यांचा बागायती मुलूख, अशी त्यांची साधारण रचना आहे. सातवाहनांपासून पेशवाईपर्यंतचा ह्या प्रदेशाचा इतिहास पुष्कळ तपशिलाने लिहिला गेला आहे. परंतु तो बहुतांशी दिवसाचा इतिहास आहे. रात्री येथील माणूस कसा निजे, कोण जागे राही, जाग्या राहणाऱ्याचा काळ कशाने मोजला जाई, हे प्रश्न त्यात ओघाने आले तर येतात.

ह्या प्रश्नांना अलीकडे निराळे महत्त्व प्राप्त झाले आहे. मनगटावर पट्टा बांधावा, रात्रभर तो तसाच ठेवावा आणि सकाळी आपण किती तास व किती मिनिटे झोपलो हे त्यावरून वाचावे, ही रीत आता शहरांतील घरोघरी परिचयाची झाली आहे. अंगावर बांधून हालचाल व विसावा नोंदणारे त्याच जातीचे यंत्र जुन्नरच्या परिसरात गाजले ते मात्र बिबट्याच्या गळ्यातील पट्ट्याच्या रूपाने. त्या पट्ट्याने जे सांगितले त्यामुळे येथील माणूस व बिबट्या यांच्या संबंधाविषयीची रूढ समजूत बदलावी लागली. ह्या नोंदींचा अर्थ लावताना प्रदेशाचा रात्रीचा इतिहास ध्यानात घेतला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. माणूस आणि श्वापद यांनी येथे भूमी वाटून घेतलेली नाही. त्यांनी काळ वाटून घेतला आहे, आणि ह्या वाटणीचा भार माणसाच्या झोपेवर पडला आहे. प्रस्तुत निबंधात हेच दाखवावयाचे आहे.

२. याम, प्रहर आणि पहारा

जुन्नर शहराभोवतीच्या लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी ह्या डोंगरांत इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून पुढे सुमारे तीनशे वर्षांहून अधिक काळ बौद्ध लेणी कोरली जात होती. चैत्यगृहांची भव्यता पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच प्रथम वेधून घेते. पण झोपेच्या इतिहासाच्या दृष्टीने विहारांतील लहान लहान खोल्या अधिक बोलक्या आहेत. त्यांपैकी कित्येक खोल्यांत भिंतीलगत एक माणूस निजू शकेल एवढा दगडी ओटा खडकातच कोरून ठेवलेला आढळतो. ह्या प्रदेशात निद्रेसाठी मुद्दाम निर्माण केलेली आणि आजवर टिकलेली जागा म्हणून ह्या ओट्यांचा उल्लेख करावा लागेल.

ह्या ओट्यांवर किती निजावे याचाही नियम होता. पाली ग्रंथांत भिक्षूच्या आचारातील एक अंग म्हणून 'जागरियानुयोग', म्हणजे जागरणाचा अभ्यास, सांगितला आहे. रात्रीचे तीन याम मानावेत. पहिल्या यामात चंक्रमण करीत अथवा बसून चित्तशुद्धी करावी. मधल्या यामात उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठण्याची वेळ मनाशी धरून पडावे. आणि शेवटच्या यामात पुन्हा उठून चंक्रमण करावे, असा तो नियम आहे. निजण्याच्या ह्या रीतीस सिंहशय्या असे नाव आहे. म्हणजे रात्रीचा एक तृतीयांश भाग झोपेचा आणि दोन तृतीयांश जागेपणाचा, असे हे प्रमाण होते. प्रत्येक भिक्षू ते पाळीत असेच असे म्हणता येणार नाही. पण झोपेचे मोजमाप ही केवळ यंत्रयुगाची हौस नाही, एवढे त्यावरून दिसते. उठण्याची वेळ मनाशी धरून झोपणे हे त्या काळचे साधन होते.

पुढील काळात रात्र मोजण्याचे माप प्रहर हे झाले. अहोरात्राच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची आणि अहोरात्राचे आठ प्रहर, ही गणना सर्वपरिचित आहे. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडावी आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असे मानावे, ही घटिकापात्राची युक्ती. ह्या मापाचा रात्रीच्या व्यवहाराशी किती निकटचा संबंध होता हे भाषाच सांगते. 'पहारा' हा शब्द 'प्रहर' ह्यापासून आला आहे. प्रहराप्रहराने माणूस बदलून जागे राहावयाचे, म्हणून त्या जागण्यास पहारा म्हणावयाचे. जागरणात पाळी असणे हे त्या शब्दाच्या पोटातच आहे.

ही पाळी फसली तर काय होते याचे एक ठळक उदाहरण जुन्नरच्याच इतिहासात आहे. निजामशाहीच्या अस्तानंतर जुन्नर मोगलांच्या ताब्यात गेले होते. १६५७ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी रात्रीच्या वेळी दोरांच्या शिड्या लावून शहराच्या तटावरून आत प्रवेश केला, पहारेकऱ्यांना कापून काढले आणि तीन लक्ष होन, दोनशे घोडे, जडजवाहीर व वस्त्रे हस्तगत केली. ह्या घटनेचा विचार सामान्यतः मोगलांशी झालेल्या पहिल्या उघड संघर्षाच्या दृष्टीने केला जातो, आणि तो योग्यच आहे. तथापि रात्र मोजणाऱ्यांवर रात्र जाणणाऱ्यांनी मिळविलेला तो विजय होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३. गावची जागल

किल्ल्याच्या पहाऱ्याइतकीच महत्त्वाची, परंतु बखरींत न आलेली, अशी गावची जागल होती. वेशीवर वेसकर असे. रात्रीची राखण करणारा तो जागल्या. त्याचे नावच त्याच्या जागेपणावरून पडलेले आहे. पुणे प्रांतात हे काम अनेक ठिकाणी रामोश्यांकडे असे. चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जावयाचे आणि माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या गावावर सोपवावयाची, अशी वहिवाट होती. माग लागला नाही तर नुकसानीची झळ राखणदारास सोसावी लागे. ह्या कामाबद्दल त्यास गावाकडून धान्याचा वाटा अथवा इनाम जमीन मिळे. म्हणजे रात्री जागणे हे गावाने मोबदला देऊन विकत घेतलेले काम होते. एकाने जागावे आणि त्याच्या जिवावर शंभरांनी निजावे, अशी ही व्यवस्था होती.

शेतातील जागल ह्याहून थोडी वेगळी. ज्वारी-बाजरीचे कणीस भरू लागले की शेतात चार खांबांवर माळा उभारावयाचा आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्री त्यावर बसावयाचे, ही पद्धत सर्वत्र होती. परंतु ती काही आठवड्यांपुरतीच असे. पीक निघाले की जागल संपे. एरवी बहुतेक माणसे गावठाणात, घराला घर लागून, जनावरे गोठ्यात बांधून निजत. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील महादेव कोळी समाजात वाघोबाची पूजा आणि आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस पाळण्याची परंपरा आहे. गुराख्याच्या आणि वाघाच्या वाटा एकमेकींना छेदतात ही जाणीव त्या आचारामागे आहे. श्वापद अस्तित्वातच नाही असे येथील माणसाने कधी मानले नाही. त्याच्याशी वेळेचा आणि मर्यादेचा करार असावा, अशी त्याची धारणा होती.

४. झोप मोजणारे यंत्र

निद्रेच्या शास्त्रीय मापनाचा इतिहास अवघ्या शंभर वर्षांचा आहे. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर याने मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा काळ ओळखून काढला आणि झोप ही एकसारखी अचेतन अवस्था नसून तिच्यात निरनिराळ्या अवस्था आलटून पालटून येतात, हे प्रस्थापित केले. परंतु ह्या पद्धतीत डोक्याला, डोळ्यांजवळ व हनुवटीला तारा लावून प्रयोगशाळेत निजावे लागे. माणसाच्या घरी, त्याच्या रोजच्या अंथरुणावर झोप मोजावयाची तर सोपे साधन हवे होते.

ते साधन मनगटाच्या हालचालीत सापडले. निजलेल्याचा हात स्थिर असतो आणि जागा माणूस हात हालवितो, एवढ्या साध्या निरीक्षणावर ते आधारलेले आहे. अमेरिकेत डॅनियल क्रिप्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मनगटी हालचालींवरून झोप अजमावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे हालचालीतील बदल टिपणारे त्वरणमापक अत्यंत लहान व स्वस्त झाले; २००९ मध्ये फिटबिटचे पहिले उपकरण बाजारात आले आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत मनगटी पट्टे जगभर पसरले. नंतरच्या पट्ट्यांत त्वचेवर हिरवा प्रकाश पाडून नाडीचे ठोके मोजण्याची सोय आली आणि त्यांवरून झोपेच्या अवस्थांचा अंदाज वर्तविला जाऊ लागला.

येथे एक मर्यादा नीट समजून घेणे आवश्यक आहे. असा पट्टा झोप पाहत नाही. तो स्थिरता पाहतो आणि तीवरून झोपेचे अनुमान करतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ व्यक्तींची मनगटी नोंद प्रयोगशाळेतील मेंदूच्या नोंदीशी ताडून पाहण्यात आली. झोपेचे क्षण मनगटी यंत्राने शेकडा ९६.५ इतके बरोबर ओळखले. जागेपणाचे क्षण मात्र त्यास शेकडा ३२.९ इतकेच ओळखता आले. स्वस्थ पडून जागा असलेला माणूस ह्या यंत्राच्या हिशेबी झोपलेलाच असतो. माळ्यावर श्वास रोखून अंधारात पाहणारा जागल्या आज हा पट्टा बांधून बसला असता, तर सकाळी त्याच्या खात्यावर पुष्कळशी झोप जमा झालेली दिसली असती.

प्राण्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी लागते. पनामाच्या अरण्यातील तीन स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारे एक मंदगती जनावर, त्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी नोंदणारे लहान यंत्र बसवून निल्स राटेनबोर्ग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखविले की, पिंजऱ्यात दिवसाला सुमारे १६ तास झोपणारा हा प्राणी अरण्यात ९.६ तासच झोपतो. पिंजऱ्यातील प्राण्यावरून मुक्त प्राण्याचे अनुमान काढणे किती फसवे असते, हे त्यावरून कळते. जुन्नरमध्ये हीच चूक निराळ्या रीतीने घडली होती. तिचा विचार पुढे येईल.

५. पाणी, ऊस आणि बिबट्या

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्नर-आंबेगावची रात्र मुळापासून बदलली. कुकडी प्रकल्पाखाली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात तर ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते जुने आंबेगावच बुडाले. कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर ऊस वाढला. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बारमाही पीक आले तसा शेतकरी गावठाण सोडून मळ्यात घर बांधून राहू लागला. वस्ती पांगली. पूर्वी घराला घर लागून होते, आता घराला ऊस लागून आला.

ऊस हे पीक वर्षभर उभे असते, माणसाच्या उंचीहून वर जाते आणि त्यात पाणी खेळते असते. बिबट्यासारख्या लपून राहणाऱ्या प्राण्यास ह्याहून चांगला आडोसा मिळणे कठीण. कुत्री, शेळ्या, वासरे ही त्याची शिकार वस्तीवरच उपलब्ध होती. त्यामुळे बिबट्या उसात राहिला, उसात व्याला आणि उसातच वाढला. ऊसतोडणीच्या दिवसांत फडात पिले सापडणे ही ह्या भागात नेहमीची गोष्ट झाली.

तथापि बिबट्या हा डोंगरातून चुकून खाली उतरलेला पाहुणा आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ह्या समजुतीवर २००१ मध्ये एक मोठा उपक्रम उभा राहिला. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. येथे १९९३ पासून २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. फेब्रुवारी २००१ पासून वस्तीच्या भागात पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरील जंगलांत नेऊन सोडण्यात आले. ह्याचा परिणाम अपेक्षेच्या अगदी उलट झाला. हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी १७ वर गेले आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १८ वरून ३६ झाले. हल्ले विशेषतः जेथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या लगत झाले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही पकडून दूर सोडण्याच्या उपायास प्रतिकूल मत नोंदविले गेले.

ह्या अनर्थाच्या मुळाशी माहितीचा अभाव होता. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या सर्वांनी पाहिला होता. मोकळा बिबट्या दिवसा कोठे विसावतो आणि रात्री कोठे फिरतो, हे कोणी पाहिले नव्हते.

६. गळपट्ट्याची साक्ष

वन्य प्राण्याच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून त्याचा माग काढण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. नेपाळमधील चितवन येथे १९७३ मध्ये वाघासाठी ती वापरली गेली. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारे जीपीएस पट्टे आले. पूर्वी रामोशी धुळीतील पावलांवरून माग काढी. आता माग स्वतःच आपली नोंद ठेवू लागला.

महाराष्ट्रात असे पट्टे बिबट्यांना २००९ पासून बांधण्यात आले. ह्या कामाचे प्रमुख क्षेत्र जुन्नरच्या उत्तर सीमेस लागून असलेला अकोले तालुका हे होते. हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडील हा भाग पीकपद्धती, वस्ती आणि बिबट्या ह्या तिन्ही बाबतींत जुन्नरसारखाच आहे. पट्टा बांधलेल्यांपैकी 'आजोबा' ह्या नावाने प्रसिद्धी पावलेला वयस्क नर पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडला गेला आणि जुन्नरच्या सीमेवरील माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आला. तेथून तो रस्ते, लोहमार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईनजीकच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेतील दाट वस्तीत त्याचे अस्तित्व कोणास जाणवलेही नाही. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

मॉर्टेन ओडेन, विद्या अत्रेय व सहकारी यांनी पाच बिबट्यांच्या नोंदी २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी चार महाराष्ट्रातील होते. रात्री दर तासाला बिबट्या सरासरी ३३९ मीटर सरके, दिवसा केवळ ६० मीटर. दाट मनुष्यवस्तीत राहणाऱ्या तिघांची रात्रीची २० टक्के स्थाने घरांपासून २५ मीटरांच्या आत होती. दिवसा हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. ज्यांना पकडल्या जागेजवळच सोडले होते, त्यांचे वावराचे क्षेत्र ८ ते १५ चौरस किलोमीटर इतके लहान होते. अकोले भागातीलच दुसऱ्या एका अभ्यासात विष्ठेच्या तपासणीवरून असे आढळले की, बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनात शेकडा ८७ वाटा माणसाबरोबर राहणाऱ्या जनावरांचा असून त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ आहे.

ह्या आकड्यांचा अर्थ असा की, बिबट्या बाहेरून येत नव्हता. तो तेथेच होता आणि माणूस जागा असेतो स्वस्थ पडून राहत होता. माणसांची वस्ती जेथे दाट तेथे त्याचे निशाचरत्व अधिक कडक, ही नोंद तर फारच अर्थपूर्ण आहे. बिबट्याने आपला दिनक्रम माणसाच्या झोपेला जुळवून घेतला होता. साठ मीटर आणि तीनशे एकोणचाळीस मीटर ह्या दोन आकड्यांत ह्या प्रदेशातील वेळेची वाटणी जणू लिहून ठेवलेली आहे. अर्थात मनगटी पट्ट्याची मर्यादा येथेही लागू आहे. दिवसा उसात पडलेला बिबट्या झोपला होता की स्थिर राहून कान देत होता, हे गळपट्टा सांगू शकत नाही. तो स्थिर होता, एवढेच निश्चित.

७. माणसाचे जागरण

आता वाटणीची दुसरी बाजू पाहू जाता असे दिसते की, ही वाटणी माणसाने रात्री घराबाहेर न पडण्यावर अवलंबून आहे. आणि नेमके तेच नव्या शेतीस शक्य झाले नाही. महाराष्ट्रात कृषिपंपांना दिवसा आठ तास अथवा रात्री दहा तास अशी आलटून पालटून वीज देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने उठावे, विजेरी घ्यावी आणि उसाच्या कडेने जाऊन दारे धरावीत. बिबट्याच्या फिरण्याची जी वेळ, तीच पाणी देण्याची वेळ झाली. दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तिचा विचार प्रायः विजेच्या खर्चाच्या आणि सौरशक्तीच्या अंगाने केला जातो. जुन्नर-आंबेगावात मात्र ती झोपेची आणि जीविताची योजना आहे.

जागरणाची पाळी किती प्राचीन आहे ह्यावर मनगटी यंत्रानेच प्रकाश टाकला आहे. पूर्व आफ्रिकेतील टांझानियात हाड्झा नावाचे शिकार व कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. त्यांच्यातील ३३ प्रौढांच्या मनगटांवर यंत्रे बांधून वीस दिवस नोंद घेण्यात आली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनशेहून अधिक तासांच्या ह्या नोंदीत सर्वच्या सर्व एकाच वेळी झोपले आहेत असा काळ अवघा अठरा मिनिटे भरला. तरुण उशिरा निजत, वृद्ध लवकर उठत, आणि कोणी ना कोणी जागे असेच. कोणी नेमल्यावाचून पहारा चालू होता. समूहात निजणाऱ्या माणसास अशी राखण आपोआप लाभते. गावठाणात ती होती. मळ्यातील एकाकी घरात ती उरली नाही. जागल्याचे वतन संपले, शेजार दूर गेला आणि पूर्वी गावाने वाटून घेतलेले जागरण एका कुटुंबावर, पुष्कळदा एकट्या माणसावर, येऊन पडले.

अशा तुटक झोपेविषयी भारतातीलही एक मापन उपलब्ध आहे. चेन्नई येथे अल्प उत्पन्नाच्या ४५२ व्यक्तींच्या मनगटांवर यंत्रे बांधून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत. झोप मात्र साडेपाच तासांचीच होई. उष्मा, गोंगाट, डास आणि चिंता यांनी बाकीचा वेळ खाल्लेला असे. विशेष हे की, रात्री अंथरुणातील वेळ वाढवून झोप २७ मिनिटांनी वाढविली तरी कामात फरक पडला नाही. दुपारची थोडी निवांत झोप मात्र उपकारक ठरली. झोपेचे तास आणि झोपेची स्वस्थता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा निष्कर्ष मळ्यातील घरासही लागू पडतो. दाराबाहेर कुत्रे गप्प झाले म्हणून डोळे उघडे ठेवून पडून राहिलेली गृहिणी कोणत्याही पट्ट्याच्या लेखी झोपलेलीच असेल. नुकसानभरपाईच्या नियमांत मृत्यूस, जखमेस आणि पशुधनास स्थान आहे. गमावलेल्या झोपेस त्यांत रकाना नाही.

८. उपसंहार

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत जुन्नर वनविभागातीलच, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात थोड्या दिवसांच्या अंतराने तीन माणसांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. काही हल्ले दिवसाउजेडी झाले. काळाची वाटणी हा लेखी करारनामा नसतो, आणि घराच्या भिंतीस लागून उभ्या असलेल्या उसात दिवसा विसावलेला बिबट्या त्या एक टक्क्याहून कमी आकड्यातही असतो, ह्याची ती दारुण जाणीव होती. त्यानंतर पिंपरखेडच्या शेतकऱ्यांनी शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे काटेरी पट्टे बांधण्यास आरंभ केला. मळ्यांतील आणि धनगरांच्या वाड्यांवरील कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे पूर्वीपासून बांधले जात. आता ते माणसांच्या गळ्यात आले.

तात्पर्य, ह्या एका प्रदेशात अंगावर बांधावयाचे तीन पट्टे आज एकाच वेळी वापरात आहेत असे म्हणता येईल. मनगटावरील पट्टा सुखवस्तू माणसास त्याची झोप मोजून देतो. अभ्यासकांनी बिबट्याच्या गळ्यात बांधलेल्या पट्ट्याने त्याचा विसावा आणि संचार मोजून दाखविला. तिसरा पट्टा काहीच मोजत नाही. तो फक्त मान वाचवितो. पहिल्या दोहोंच्या नोंदींतून जे कळले त्याचा उपयोग तिसऱ्याची गरज कमी करण्याकडे व्हावयास हवा. तसे करावयाचे तर दिवसा वीज, घर आणि ऊस यांत मोकळे अंतर, बंदिस्त गोठा, आणि जागल ही पुन्हा एकट्याची न राहता पाळीची होणे, एवढ्या साध्या गोष्टींकडे वळावे लागते. त्यांतील शेवटची गोष्ट तर ह्या प्रदेशाने शतकानुशतके स्वतःच सांभाळली होती. पहारा हा शब्द प्रहरापासून निघाला आहे आणि प्रहर संपला की पहारेकरी बदलतो. मळ्यातील शेतकऱ्याचा प्रहर अद्याप बदललेला नाही.